चित्रातल्या डाळिंबाला तेल्या

मु. पो. जानेफळ
गुरुवार

ती. सौ. मंजुळाअक्कास,
धाकट्या इंद्रभानचा दोन्ही हात जोडून, अगदी वाकून नमस्कार. (इतका का वाकलो ते पुढे कळेल.)

तुझे गुडघे कसे आहेत? शेगावचा तो नवा वैद्य काही गुण देतो का? भाऊजींनी जिलबी सोडली म्हणे, पण तू कपाटामागे एकदा बघून घे. इकडे मिरचीवर थोडा चुरडा रोग आला आहे, बाकी सगळे खुशाल. फोन सोडून पत्र का लिहितो, असे तुला वाटेल. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तर तुझ्या हुकमाप्रमाणे काल चिखलीला गेलो. रविवारी भाऊजींच्या ओळखीतले जानराव त्यांच्या प्रज्वलला घेऊन आपल्या अपेक्षाला पाहायला येणार, म्हणून तिला शनिवारच्या आत घरी आणायचे होते. स्थळ तू शोधलेस, दिवस तू ठरवलास, पोह्यांत शेंगदाणे किती तेही तूच ठरवलेस. मुलगी आणणे एवढेच माझ्याकडे होते. (जानरावांना मी पाहिलेले नव्हते हे ध्यानात ठेव, म्हणजे पुढच्या प्रकाराचा दोष सगळा माझ्यावर येणार नाही.) मुलगी मात्र आठ दिवसांपासून चिखलीच्या एका सभागृहात मुंबईच्या संग्रहालयाची चित्रे लोकांना समजावून सांगते आहे. रविवारी शेवटचा दिवस, मी येत नाही, असा तिचा हट्ट होता.

चित्रे चारशे वर्षांपूर्वीची, युरोपातल्या चर्चमधली. बरोक म्हणतात त्यांना. (अस्सल नाहीत, पण अस्सलाएवढ्याच आकाराच्या नकला आहेत.) आता देवाधर्माचे काम म्हटल्यावर मी दारातच चपला काढल्या. अक्का, नव्या चपला होत्या, गेल्या बाजारी घेतलेल्या. माझे पाहून मागच्याने काढल्या, त्याचे पाहून शाळेच्या अख्ख्या सहलीने काढल्या. अर्ध्या तासात दाराशी एवढा ढीग झाला, की संग्रहालयाच्या मोठ्या बाई आत येताना त्यात अडखळल्या. हे कोणी सुरू केले असे त्यांनी विचारले, तेव्हा मी छताचे पंखे मोजत होतो.

आत गेलो तर प्रत्येक चित्रात काळोख. एका कोपऱ्यातून उजेडाची तिरीप येते, त्यात कोणाचा तरी अर्धा चेहरा, एखादा हात, बाकी सगळे अंधारात. मी राखणदाराला म्हटले, “काऊन बे, लाईट गेली काय?” तो म्हणाला, “नाही काका, तसंच हाय ते. मीबी पहिल्या दिवशी बटन दाबून पाह्यलं.”

सगळ्यात मोठ्या चित्रात येशू दोन माणसांबरोबर जेवायला बसला आहे. भाकरी आहे, कोंबडी आहे, आणि टेबलाच्या अगदी कडेला फळांची टोपली. टोपलीत फुटलेले डाळिंब, त्यावर काळे डाग. अक्का, आपले दोन एकर डाळिंब ज्याने उपटायला लावले, तो डाग मी झोपेतही ओळखीन. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले, “अरे, याच्यावर तेल्या हाय!” शेजारी एक जाडजूड, मिशीवाले गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, “तेल्या नाही, सावली पडली हाय ते.” मी म्हटले, सावलीने फळ फुटते का? ते म्हणाले, “बावीस वर्षं झाले डाळिंब काढून राह्यलो मी.” मी म्हटले, “मंग बावीस वर्षं सावलीच विकून राह्यले तुम्ही!” चाळीसेक माणसे गोळा झाली. येशूकडे कोणी बघेना.

तेवढ्यात अपेक्षा आली. मला वाटले, आता ही मला ओळख दाखवणार नाही. तिने मात्र सगळ्यांसमोर सांगितले, की माझे बाबा बरोबर बघत आहेत. रोग कोणता ते तिला माहीत नाही, पण चित्रकाराने फळे निवडून घेतली नाहीत. बाजारात होती तशी, डागासकट मांडली, कारण त्याचा देव गरिबाच्या टेबलावर जेवायला बसला होता. सहलीतली पोरेसुद्धा गप्प ऐकत होती. आपल्या घरात जिला कोणी धड बोलू देत नाही, तीच ही पोरगी. मला फार आनंद झाला अक्का, आणि थोडी लाजही वाटली.

मिशीवाले रागारागाने निघून गेले. मी बाहेर आलो तर माझ्या चपला गायब, आणि एकच जोड उरलेला, मला दोन बोटे मोठा. तोच फरफटत घरी आलो. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
इंद्रभान

ता. क. मुलगी आली की नाही ते लिहायचे राहिले. नाही आली.

ता. क. २. काल रात्री जानरावांचा फोन आला, रविवारची वेळ पक्की करायला. आवाज ऐकताच ओळखले, हे तर तेच मिशीवाले! त्यांनीही मला ओळखले, आणि विचारतात, “माह्या चपला तुमच्यापाशी हायेत काय?” मला वाटले, चला, सोयरीक आपोआप मोडली. पण ते तर हसायलाच लागले. तोंडावर बोलणारा असाच व्याही पाहिजे, पोरगी लाखात एक आहे, म्हणाले. आता नकार आपल्यालाच द्यावा लागणार.

ता. क. ३. हो, नकार. मोठ्या बाईंनी अपेक्षाला वर्षभराच्या शिक्षणासाठी मुंबईला बोलावले आहे, सोमवारी निघायचे आहे. आत्याच्या भीतीने ती इतके दिवस बोलली नव्हती, काल मी निघताना सांगितले. मी हो म्हणून बसलो आहे. तू सातवीत शाळेच्या भिंतीवर गेरूने मोर काढला होतास, आणि त्याच आठवड्यात तुला पाहायला पाहुणे आले. मी चौथीत होतो, मला काही बोलता आले नाही. आज बोलतो आहे. रविवारी चिखलीला ये. त्या जेवणाच्या चित्रात मागे सुरई घेऊन एक बाई उभी आहे, तिचा चेहरा हुबेहूब तुझा आहे. अपेक्षा तुला स्वतः दाखवणार आहे.

ता. क. ४. जानरावांना नकार तूच सांग, तुझे ते ऐकतील. आणि सांगायला जाशील तेव्हा माझ्या चपला तेवढ्या मागून आण.