क्रुसामागची झावळी

९ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी ६.४०.

ढग गडगडताच आमच्या पतिराजांनी क्रुसामागची झावळी काढून पेटवली. वीज पडू नये म्हणून. आणि कुठे? दमा असलेल्या नातीच्या खोलीत!

धूळ नको म्हणून मी तिथले पडदे, गालिचा, तिचं कापडी अस्वलसुद्धा माळ्यावर टाकलं होतं. अस्वल नेताना जेनी रडलीही नव्हती.

“अगं, चर्चमध्ये मिळालेली आशीर्वादाची झावळी ती. तिचा धूर बाधत नाही.”

“हे तिच्या फुप्फुसांना कळवलंत का?”

दम्याचा पंप दिल्यावर तिला कसाबसा श्वास आला. मग जेनी हळूच म्हणाली, “आजी, तरीही दम लागतोच. मग अस्वल देशील परत?”



पतिराज, ते अस्वल मी कशासाठी काढून घेतलं? रविवारच्या पहिल्या मिस्साआधी लेखी उत्तर हवं.