लखीरामशेठच्या गोल्फचं निंदण

तीर्थरूप पुंजाजीमामांना उज्ज्वलाचा वाकून नमस्कार.

तिकडे मालेगावला तुमचा गुडघा आणि मामीचं बीपी, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. इकडे शेलूबाजारला आम्ही मजेत आहोत, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि आई सगळ्या गावाशी माझ्याबद्दल बोलते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमच्या घरी फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची रीत आहे (आईला वाटतं, त्याशिवाय आवाज मालेगावपर्यंत पोचत नाही). तरी हे तुम्ही एकट्यानेच वाचावं.

मी पुण्याला शिकून गोल्फची मैदानं आखायचं काम पत्करलं, हे तुम्हाला माहीत आहे. ते काम नेमकं काय, हे मी बाबांना कागदावर काढून समजावलं. त्यातून शिकूनसवरून पोरगी शेवटी वावरातच आली, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं. गावाने ते आणखी सोपं केलं: प्रयागबाईची पोरगी पगार घेऊन खड्डे खणते. अखेर बाबांशी तह झाला. इथले अडते लखीरामशेठ यांना हायवेलगतच्या जमिनीत गोल्फ काढायचा आहे आणि त्यांनी नमुन्यादाखल मला एकच हिरवळ करायला सांगितली. ती पसंत पडली तर सगळं मैदान माझं, आणि बाबा वर्षभर लग्नाचा विषय काढणार नाहीत. नाही पडली तर तुळशीचं लग्न लागलं की कारंज्याचा मुलगा बघायला येणार. (मुलगा चांगला आहे म्हणे. कसा आहे असं विचारलं की त्याच्या प्लॉटबद्दल सांगतात.)

शेठनी गोल्फ पाहिलाय तो दुबईला, बसच्या खिडकीतून. तेवढ्या अनुभवावर ते मला रोज शिकवत. चेंडू जायचं भोक घमेलं मावेल एवढं करावं, असं त्यांचं म्हणणं. पाव्हण्याला बोलावून त्याचा चेंडू बाहेर राहिला तर बेअब्रू आपली. वाळूचा खड्डा भरायला आणलेली रेती त्यांच्या मेव्हण्याने उचलून घराच्या स्लॅबला लावली आणि वर मलाच ऐकवलं की चांगली रेती अशी मातीत घालू नये. मी आखलेला चढ तर वास्तुवाल्याने ईशान्येकडून उचलून नैर्ऋत्येला नेला. हे सगळं मी गिळलं, कारण हिरवळ झकास आली होती.

आता ही हिरवळ म्हणजे, मामा, हराळी. बियाणं परदेशी, जात सुधारलेली, भाव केशराचा, पण आपल्यासारख्या बागाईतवाल्यांच्या डोळ्यांना ती हराळीच. आपल्या घराण्याने जिला जन्मभर शिव्या घातल्या, तिला मी खतपाणी घालून, रोज कापून, गालिच्यासारखी केली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी गवत कापायच्या मशीनच्या पात्याला धार लावायला वाशीमला गेले, आणि नेमकी त्याच दिवशी आई पहिल्यांदा माझं काम बघायला गेली. तिला दिसलं ते एवढंच. उद्या मोठमोठी माणसं येणार आणि पोरीच्या वावरात ही हराळी माजलेली. तिने कोणाला विचारलं नाही. गल्लीतल्या बाया गोळा केल्या, सगळी हराळी मुळासकट निंदून काढली आणि परत रुजू नये म्हणून जाळूनही टाकली.

मी धार लावलेलं पातं घेऊन परतले तेव्हा काळीभोर माती, मधोमध भोक, त्यात झेंडा, आणि बाजूला कमरेवर हात ठेवून आई. "पाह्य, कसं चकाचक केलं," ती म्हणाली. "नाही तं लोकं म्हनले असते, प्रयागबाईच्या पोरीले निंदनही जमत नाही." तिच्या बोटांना फोड आले होते. मला भयंकर राग आला आणि तो काढायला जागाच नव्हती, म्हणून रडू आलं. तिला वाटलं मी आनंदाने रडतेय.

दुसऱ्या दिवशी शेठनी नारळ फोडला आणि मातीकडे बघून समाधानाने मान हलवली. घोळ केला तो नागपूरहून आलेल्या खेळाडू पाहुण्याने. त्याने विचारलं, गवत कुठे आहे? आई समोरच नव्या लुगड्यात उभी. मी म्हटलं, माती आरामाला ठेवली आहे. पाहुणा हसला, त्यामुळे शेठ ओशाळले, आणि मला तुळशीच्या लग्नापर्यंत हिरवळ पुन्हा उभी करायची ताकीद मिळाली. इकडे बाबांनी पोह्यांची तयारी चालवली आहे. मला कारंज्याला जायचं नाही, मामा. मला हे मैदान करायचं आहे.

मामीला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमची भाची,
उज्ज्वला

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या पांदणीकडच्या वावरात हराळी फवारूनही हटत नाही म्हणून आई हळहळत असते. तिची एक ट्रॉली मुळांसकट पाठवा. परदेशी जातीचा हट्ट मी सोडला. आईला मात्र कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करायच्या आत आईने पत्र वाचलं. "म्हंजे ते तू लावेल होतं?" एवढंच विचारलं आणि जेवणं वाढली. मग बाबांना म्हणाली, "कारंज्याच्या पावण्याले सांगून द्या, पोरीले सध्या टाइम नाही." हराळी लावायला ती स्वतः येणार आहे, बायांनाही आणणार आहे, सगळ्या तोंडाला फडकी बांधून, म्हणजे असलं काम करताना कोणी ओळखू नये. तिचा तुम्हाला निरोप आहे: यंदा भाऊबीजेला साडी नको, ट्रॉलीच दे, आणि आधीच दे. पण वरून ताडपत्री झाक. माहेराहून बहिणीला हराळी आली, असं गावाने म्हणू नये.