चालताना गाता येऊ नये

२९ सप्टेंबर

नवा पेशंट. ऑगस्टीन अंकल, वय सहासष्ट, वटार गावात केळीची वाडी. डाव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ, काढता येण्यासारखी. पण सर्जनने त्यांना सहा मिनिटं चालवून पाहिलं आणि नकार दिला – एवढ्या दमावर ऑपरेशन झेपणार नाही. महिन्याने पुन्हा बघू. तेव्हाही जमलं नाही, तर ऑपरेशन नाही. म्हणून माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पाठवलं.

लिहून दिलं: श्वासाचे व्यायाम, खुर्चीतून उठबस, आणि रोज अर्धा तास चालणं. वेग असा की बोलता यावं, पण गाता येऊ नये.

"आजारी माणसाला चालवता? घरात मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत."

"म्हणूनच दम लागतो."

त्यांच्या बायकोने, सालोमी आंटींनी, माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

३ ऑक्टोबर

फोन केला. अर्धा तास चाललात? हो. कुठपर्यंत? गॉडफ्रेच्या घरापर्यंत.

गॉडफ्रेचं घर त्यांच्यापासून चौथं.

प्रत्येक दारात "कसं वाटतं आता?" आणि लिंबू सरबत. नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

४ ऑक्टोबर

उपाय आंटींनीच काढला. "हातात रोझरीची माळ घेऊन चाला. जप करणाऱ्याला कोण अडवतं? ऑक्टोबर महिनाही रोझरीचाच आहे."

"म्हणजे देवाच्या नावावर फसवायचं?"

"जप खराच करा ना मग. तोंड कुठे कामात असतं तुमचं?"

मला विचारलं. म्हटलं, वैद्यकीय हरकत नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी स्वतः बघायला गेले. अंकल पुढे आणि मागे अर्धी आळी! लोकांना वाटलं नवस बोललाय, एकेक जण मागे लागत गेला. शेजारची डेल्फिन मोठ्या आवाजात मरियेचं गीत सांगत होती, बाकीचे तिच्यामागून म्हणत होते. अंकलही.

गाता येतंय, म्हणजे वेग कमी. मी थांबवलं.

"गाणं बंद. भरभर चाला."

"देवाला घाई नसते, बाय," डेल्फिन म्हणाली.

"सर्जनला असते."

सगळे हसले. मी मात्र स्कूटरवर बसल्यावर हसले.

१५ ऑक्टोबर

डेल्फिनची तक्रार: "पूर्वी चर्च यायच्या आत रोझरी व्हायची. आता पाचातल्या तिसऱ्या दहाक्यातच चर्च येतं." पदर खोचून पळत होती बिचारी.

अंकल बोलत होते, गात नव्हते. बरोबर हवा तो वेग.

२१ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. तरी पहाटे वटारला जाऊन सगळ्यांबरोबर चालले. तपासणी म्हणून नाही. घरी सांगितलं नाही.

३० ऑक्टोबर

पास! सर्जनने दोनदा चालवलं, जिने चढवले. ऑपरेशन सहा नोव्हेंबरला. आंटींनी मला मिठी मारली. मिठीत हातांचं काय करायचं ते मला कळत नाही. तरी बराच वेळ उभी राहिले.

३ नोव्हेंबर

आंटींचा फोन. "ते ऑपरेशनला येत नाही म्हणतात."

गेले. अंकल वाडीत केळीची सुकी पानं काढत होते. म्हणाले, "बघ." बांधावरून टोकापर्यंत झपाझप गेले, परत आले – गात. पूर्ण कडवं, सुरात, मध्ये श्वास न तुटता.

"गाता येतं आता. सगळी आळी म्हणते नवस फळला. बरा झालो ना? मग कापायचं कशाला?"

इतका चांगला निकाल मला आजवर कुणाकडून मिळाला नव्हता. आणि तोच आडवा आला.

"दम वाढलाय, अंकल. गाठ तशीच आहे. चालण्याने ती जात नाही."

"मग एवढं चालवलंस कशाला मला?"

"कापून घेतल्यावर घरी परत यायला."

कुंपणापलीकडून डेल्फिन: "बाय, थोडा विश्वास ठेव गं."

"ठेवलाय. त्यांच्या पायांवर."

या वेळी कुणी हसलं नाही. अंकल पुन्हा पानं काढायला लागले. मला उत्तर मिळालं नाही. केळ्यांची फणी मात्र मिळाली.

५ नोव्हेंबर

आज भरती व्हायचं होतं. त्यांचा फोन नाही. मीही केला नाही – केला असता तर ओरडले असते.

७ नोव्हेंबर

सकाळी हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन. "मॅडम, तुमचा ऑगस्टीन. काल ऑपरेशन झालं, छातीत अजून नळी आहे, आणि चपला मागतोय. देऊ?"

द्या, म्हटलं.