आप्पांचं लाल कुलूप

सोमवार, ३ नोव्हेंबर

अपेंडिक्स नाही! इथे तरी खरं लिहिणार. माझ्या उजव्या किडनीवर लिंबाएवढी गाठ आहे. लघवीत रक्त दिसलं म्हणून शिरूरला सोनोग्राफी केली, मग पुण्यात सीटी स्कॅन. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कॅन्सर असण्याचीच शक्यता जास्त. मी म्हटलं, विसाव्या वर्षी? तर म्हणाल्या, क्वचित होतो. झाले मी क्वचित!

परतीच्या एसटीत आईने बजावलं, आमच्या गावात, न्हावऱ्यात, कुणीही विचारलं तरी अपेंडिक्सच सांगायचं. का, तर डिसेंबरात दौंडचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. असा राग आला! घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दोन रस्ते आहेत. अख्खी किडनी काढायची, नाहीतर रोबोने नुसती गाठ काढून बाकीची वाचवायची. मला माझी किडनी हवी आहे. आईही लगेच रोबोला तयार झाली — किडनीसाठी नाही, बारीक भोकांसाठी! "टिकलीयेवढ्या खुना. कुनाला कळतंय?"

अडून बसले ते माझे वडील, आप्पा. ते रांजणगावला कारखान्यात वेल्डिंगचा रोबो चालवतात. तिथे रोबो जाळीच्या पिंजऱ्यात असतो. दुरुस्तीला आत जाणाऱ्याने आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. तो बाहेर येईपर्यंत मशीन कुणाच्या बापाला चालू करता येत नाही.

"मानूस आत आन् रोबो चालू, आसं आमच्यात चालत न्हाई," म्हणाले. भाकरी अर्धी टाकून उठले.

रविवार, ९ नोव्हेंबर

तीच भांडणं. एकाला रोबो नको, एकीला खरं बोलणं नको. मी सांगून टाकलं — किडनी माझी, सही माझी. आई रडली. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पुण्यात अ‍ॅडमिट झाले. उद्या ऑपरेशन. आप्पा आले, तोंड पाडून का होईना.

मॅडम ऑपरेशन समजावत होत्या. आप्पांनी मधेच खिशातून आपलं कारखान्यातलं लाल कुलूप काढलं. त्यावर त्यांचा फोटो चिकटवलेला. "पोरगी आत आसताना हे कुठं लावू, मॅडम?"

शिकाऊ डॉक्टर फिसकन हसला. मी असं बघितलं त्याच्याकडे की गप्पच झाला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली आणि सांगितलं, हे मशीन आपल्या मनाने काही करत नाही. मॅडम स्वतः शेजारी बसून भिंगाला डोळे लावून हात हलवतील, तसेच मशीनचे हात हलतील. डोकं बाहेर काढलं की मशीन जागच्या जागी थांबतं.

आप्पांनी कुलूप मॅडमपुढे धरलं. "म्हंजी तुमचं डोकं हेच कुलूप."

"हो. आणि मशीनने जमत नाही असं वाटलं, तर ते बाजूला करून मी पोट उघडेन. चालेल?"

आई घाईघाईने नको म्हणाली, केवढा वण राहील! मी पेन मागितला आणि सही केली. आप्पांनी कुलूप परत खिशात ठेवलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

न्यायला आलेत. भीती वाटतेय. तरी जाणार!

रविवार, २३ नोव्हेंबर

आज पेन धरवतोय. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली निघाली. रक्त थांबेना, तेव्हा मॅडमनी डोकं बाहेर काढलं, रोबो बाजूला केला आणि पोट उघडलं. गाठ निघाली. किडनी वाचली!! बरगडीखालून थेट बेंबीपर्यंत टाके आहेत. टिकल्या कसल्या, चांगला रस्ताच पडलाय. आई पट्टी बघून तोंड फिरवते. आप्पा मात्र मॅडमवर खूश. "येळेला मशीन थांबवतो त्योच खरा आपरेटर," असं वॉर्डात येईल त्याला सांगतात. हसलं की टाके ओढतात, तरी मला हसू येतं.

मंगळवार, २ डिसेंबर

घरी. शेजारीण विचारून गेली. आई म्हणाली, अपेंडिक्स. मी काही बोलायच्या आत मला आत पाठवलं. पाहुणे आले की मीच सांगणार आहे. बघतेच कोण अडवतं.

शनिवार, ६ डिसेंबर

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण पुरता निघालाय. आता फक्त तपासण्या.

दुपारी दौंडहून फोन आला — अपेंडिक्स बरं झालं का, कधी येऊ? मी फोनसाठी हात पुढे केला. आईने दिला नाही. स्वतःच बोलली.

"अपेंडिक्स न्हाई. कॅन्सर व्हता."

"कॅन्सर हाय?" पलीकडून आवाज आला. आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "व्हता."