वाक्यं माझीच आहेत

रत्नागिरी
१८ मे २००३

चि. सलिल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझं पत्र आणि चूर्णाचा डबा, दोन्ही मिळालं. पुण्यातली नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढलास म्हणून तुझे बाबा चिपळुणात कपाळाला हात लावून बसले आहेत, पण मला कौतुक वाटतं. आपल्या घराण्यात नोकरी सोडणारा तू पहिलाच. बाकीच्यांना नोकऱ्यांनीच सोडलं.

चूर्ण रोज सकाळी घेते. कडूजहर आहे. तरी तू आठवणीने पाठवलंस म्हणून घेतल्यावर बरं वाटतं. साखरेचं म्हणशील, तर डॉक्टरांनी गेल्या महिन्यापासून इन्सुलिनची सुई चालू केली आहे, दोन वेळा. आता साखर आटोक्यात आहे. हे कोणाला बोलू नकोस, बाबांनासुद्धा. सुई लागली म्हणजे माणूस संपलं असं लोकांना वाटतं, आणि तीस वर्षं शाळेत आहार आणि आरोग्य शिकवलेल्या बाईला लागली म्हटल्यावर तर विचारूच नको. रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालून येते. दम लागत नाही.

आंबे यंदा उशिरा आहेत. मी एकच फोड खाते. एक म्हणजे एका वेळी एक. पेटी पाठवेन त्यात कुळथाचं पीठही घालते. तू मागितलास तो फोटो सोबत आहे, निवृत्तीच्या समारंभातला. कशाला हवा आहे कोण जाणे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी
६ फेब्रुवारी २००५

सलिल,

‘येथील सर्व क्षेम’ या वेळी लिहिलेलं नाही. एक तर क्षेम नाही, आणि तसल्या शब्दांचं तू काय करतोस ते मला आता कळलं आहे.

विमल तुला आठवत असेल. आमच्या शाळेतली शिपाई. आठवीत तू माझ्याकडे राहायला आलास, त्या वर्षी हिवतापाने फणफणलास तेव्हा तुला शाळेतून रिक्षात घालून घरी आणणारी ती. सव्वीस वर्षं आम्ही एका शाळेत काढली, मी विज्ञान शिकवत आणि ती घंटा देत. डिसेंबरात कोल्हापूरला तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. चप्पल चावून टाचेला फोड आला होता, एवढंच निमित्त. साखर इतकी वाढली होती की जखम आत आत गेली. तिने डायबेटिसच्या गोळ्या गणपतीपासून बंद केल्या होत्या आणि तुझं चूर्ण चालू केलं होतं.

हे तुला मी परवा फोनवर सांगितलं. पण एसटीडी बूथवर बाहेर माणसं ताटकळत उभी, मला धड बोलता आलं नाही आणि तू तर ऐकूनच घेतलं नाहीस. म्हणून आता सगळं नीट लिहिते. शेवटपर्यंत वाच.

गेल्या मार्चात तू कळवलंस की चूर्णाच्या धंद्याची साइट सुरू झाली, माझा फोटो पहिल्याच पानावर आहे, बघून ये. मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. पान उघडलं तर माझा फोटो छान दिसत होता आणि भोवती नुसते चौकोन, टिंबं आणि परकी चिन्हं. कॅफेतली मुलगी म्हणाली, मराठी फाँट घातलेला नाही. मला काय, फोटो दिसला, पोट भरलं. वाचल्याशिवाय सही करू नका असं मुलांना बजावणारी मी, तिथून निघाले ती वाटेत भेटेल त्याला सांगत, की माझा भाचा नेटवर लोकांना आरोग्याची माहिती देतो.

गणपतीला विमलचा अनिल मुंबईहून आला. तिथे एका ऑफिसात संगणकावर काम करतो. आईच्या आजारासाठी त्याने नेटवर बरंच शोधलं होतं. एकीकडे भात बंद करा, दुसरीकडे मेथ्या खा, तिसरीकडे इंग्रजीत पंधरा पानं. मागाहून, कोल्हापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, तो मला म्हणाला, “बाई, शंभर ठिकाणी शंभर गोष्टी. तुमचं नाव दिसलं, तिथे मी थांबलो.” नुसत्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, सांगणारा कोण आहे ते आधी बघावं, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याने बघितलं. सांगणारी ओळखीची निघाली. त्यात त्या पोराचं काय चुकलं, सांग.

त्याने छापून आणलेलं पान आता माझ्यासमोर आहे. फोटोखाली माझं पूर्ण नाव, ‘निवृत्त विज्ञान शिक्षिका’ आणि गाव. त्याखाली मजकूर: ‘माझी प्रकृती उत्तम आहे. चूर्ण रोज सकाळी घेते. घेतल्यावर बरं वाटतं. आता साखर आटोक्यात आहे. रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालून येते. दम लागत नाही.’

फोनवर मी म्हटलं, हे खोटं आहे. तू शांतपणे म्हणालास, “आत्या, यात खोटं काय आहे? तुझीच तर वाक्यं आहेत.”

वाक्यं माझीच आहेत. एक शब्द तू पदरचा घातला नाहीस, फक्त सुईचं वाक्य काढलंस. कडूजहर काढलंस आणि ‘तू आठवणीने पाठवलंस म्हणून’ काढलंस. बारावीला मराठीत कसाबसा पास झालेला मुलगा, एवढं नेमकं संपादन कुठे शिकलास? प्रकृती उत्तम आहे हे मी पस्तीस वर्षं प्रत्येक पत्रात लिहिते. टायफॉइडमध्ये अंथरुणावरून लिहिलं तेव्हाही तेच लिहिलं होतं. पत्रात तसं लिहायचं असतं. तुला ते माहीत होतं, कारण तूही मला तसंच लिहीत आलास. परक्याने केलं असतं तर फसवलं म्हणून मोकळी झाले असते. तू माझा केसाने गळा कापलास, आणि केसही माझेच वापरलेस.

तू म्हणालास, खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी भिंग घेऊन पाहिलं. आहे.

पान काढ म्हटलं तर म्हणालास, “लगेच नाही जमणार, त्या पानावरूनच जास्त चौकशा येतात.” म्हणजे आज रविवारीसुद्धा कोणीतरी त्या पानाशी थांबलं असेल आणि घरी आईला वाचून दाखवत असेल. हे डोक्यातून जात नाही. शाळेत माझ्या हाताखालून गेलेली पोरं कुठे कुठे पांगली आहेत, त्यातल्या कितींच्या आया आहेत ते मला मोजवत नाही.

आता जे टाळत टाळत इथपर्यंत आले ते लिहिते. वर मी लिहिलं की विमलने गोळ्या बंद केल्या. तेवढंच झालेलं नाही. बंद करायच्या आधी ती माझ्याकडे आली होती. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पूर्णगडच्या तिच्या घरून एसटीने, तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तो मजकूर मी पहिल्यांदा वाचला तो माझ्या पडवीत, तिच्यासमोर. वाचतानाच कळलं की काय गाळलं आहे.

ती म्हणाली, “बाई, ह्ये तुमीच लिवलाव ना?”

मी म्हटलं, “हो, माझंच आहे.”

“मंग गोळ्या सोडू?”

सलिल, मी तिला सोड म्हटलं नाही. सोडू नकोसही म्हटलं नाही. म्हटलं, “मला तरी गुण आला.” आणि चहा टाकायला आत गेले. दूध काढायला फ्रिज उघडला तर पातेल्यामागे इन्सुलिनची बाटली होती. ती मी हाताने आणखी मागे सरकवली. विमल बाहेर बसलेली होती, तिला तिथून फ्रिज दिसतसुद्धा नव्हता.

का केलं म्हणशील तर दोन कारणं आहेत आणि दोन्ही फुटकळ. माझी झाकली मूठ झाकलेली राहावी, हे एक. दुसरं, तिला खरं सांगायचं तर माझा भाचा लबाड आहे असं म्हणावं लागलं असतं, तेही मीच गावभर मिरवून झाल्यावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिचा पाय या दोन्हींपेक्षा स्वस्त ठरला.

गेल्या गुरुवारी मी पूर्णगडला गेले. विमल ओटीवर खाटेवर होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी तिला सगळं सांगितलं. सुई, बाटली, गाळलेलं वाक्य, सगळं. पिशवीतून इन्सुलिन काढून दाखवलं, कारण आता माझ्या नुसत्या शब्दावर तिने का विश्वास ठेवावा. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी त्या तयारीनेच गेले होते. तिने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मला परत दिली आणि म्हणाली, “मला येकटीला सांगितला असता, तं मी कुनाला सांगनार होते, बाई?”



म्हणून हे केलं आहे. जे घडलं ते मी दोन पानांत लिहून इथल्या वर्तमानपत्राला दिलं आहे. छापायला द्यायच्या आधी अनिलला फोनवर वाचून दाखवलं आणि विमललाही. बुधवारी येईल असं म्हणाले. तुला हे पत्र मिळेपर्यंत रत्नागिरीत सगळ्यांनी वाचलेलं असेल. अंकाचं कात्रण अनिल तुझ्या पत्त्यावर पाठवेल, कदाचित स्वतः घेऊनही येईल. आला तर त्याला दारातून परत पाठवू नकोस. त्याच्यासमोर बस आणि त्याला काय विचारायचं असेल ते विचारू दे.

त्या मजकुरात चूर्णाचं नाव आहे, साइटचं नाव आहे. तुझं नाव मी घातलेलं नाही. माझं घातलं आहे, कारण विमलने विचारलं ते मला.

तुझी आत्या म्हणवून घ्यायची लाज वाटते, असं लिहून पत्र संपवणार होते. पण गोड बोलून वेळ मारून न्यायची आणि गैरसोयीचं तेवढं झाकायचं, हे तू कुणाच्या घरात पाहिलंस, असं मनाशी विचारलं आणि पेन थांबलं.

तुझीच,
आत्या