चौथा तास

तोर्सहाव्न, ४ मार्च १९५८

चि. हानुस यास,
अ. आ. रीत म्हणून लिहिले, मनापासून नव्हे.

तू पाठवलेलं वाळवलेलं मटण पोचलं. बाबांनी चवीने खाल्लं. कोणी पाठवलं ते मी सांगितलं नाही.

त्यांना बेटावर परत न्यायला येतोस म्हणे. येऊ नकोस. या वयात त्यांना तुझ्या भरवशावर सोडायला मी वेडी नाही. आईला सोडलं होतं, काय झालं ते गावाला माहीत आहे. तू तिच्यासाठी डॉक्टरला आणायला गेलास, त्याच्या गावापर्यंत बारा किलोमीटर. जाताना प्रवाह पाठीशी, तुझी होडी ताशी बारानं गेली. येताना प्रवाह तोंडावर, ताशी चार. सरासरी आठ. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, म्हणजे तीन तास. तुला चार लागले, आणि आई तू पोचण्याच्या अर्धा तास आधी गेली. तो चौथा तास तू त्याच गावातल्या, तुझं लग्न ठरलेल्या बिर्ताच्या स्वयंपाकघरात कॉफी ढोसत घालवलास. नऊ वर्षं झाली, अजून तुझ्याकडे उत्तर नाही.

थंडी आहे. मफलर वापरत जा. तू आजारी पडलास तर मेंढरांकडे कोण बघणार?

लोभ नसला तरी चालेल.
सुन्नेवा

हेस्ताविक, १२ मार्च १९५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मफलर आईने विणलेला आहे, तुझ्या सांगण्याची वाट बघत नव्हतो.

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तू शिकलेली, मास्तरीण. डॉक्टर धक्क्यावरच भेटला, मी दोरसुद्धा बांधला नाही, हे मला लख्ख आठवायचं. पण तुझा तो आकडेमोडीचा कागद आठवला की वाटायचं, इंजिन बंद पडलं होतं का? मी कुठे भरकटलो का? डॉक्टर डेन्मार्कला परत गेला, त्याला एक पत्र टाकावं असं तुलाही सुचलं नाही. बिर्ताच्या घरच्यांनीही तुझंच गणित धरलं. तिचं लग्न दुसरीकडे झालं.

परवा त्याच भरतीला त्याच होडीतून गेलो, घड्याळ समोर ठेवून. पलीकडच्या धक्क्याला हातही न लावता वळलो. जायला एक तास, यायला तीन. आता तुझी चूक ऐक. तू बारा आणि चार मिळवून निम्मे केलेस. दोन्ही वेगांनी मी सारखा वेळ गेलो असतो तर ते चाललं असतं. सारखं होतं ते अंतर. बाराच्या वेगात मी एकच तास होतो, चारच्या वेगात तीन तास. चोवीस भागिले चार, सरासरी सहा. तू म्हणशील, प्रवाहाने जाताना दिलं तेवढंच येताना घेतलं. नाही, ताई. देताना तो तासभर देतो, घेताना तीन तास घेत बसतो.

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. हिंमत असेल तर.

लोभ तुझा तुझ्याकडे ठेव, मला माझा बाप हवा आहे.
हानुस

तोर्सहाव्न, १९ मार्च १९५८

चि. हानुस यास,
अ. आ.

गणित तीनदा करून पाहिलं. तू चुकावास अशी माझी फार इच्छा होती. तू चुकलेला नाहीस.

पत्र वाचून दाखवलं. बाबा म्हणाले की त्या प्रवाहाविरुद्ध बारा किलोमीटरला तीन तास लागतात हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. साठ वर्षं तिथे होडी चालवली, त्यांना कागद लागत नाही. दफनाच्या दिवशी मी टेबलावर आकडेमोड केली तेव्हाच त्यांना चूक दिसली होती. मी ओरडले, मग बोलला का नाहीत? तेव्हा म्हणाले, आईने आदल्या दिवशीच डॉक्टरला बोलवा म्हटलं होतं, आणि त्यांनी उद्या बघू म्हणून टाळलं. तुझ्या एका तासाचा छडा लागला असता, तर लोकांनी त्यांच्या एका दिवसाबद्दल विचारलं असतं.

मी त्यांच्यासमोरून उठून गेले. नऊ वर्षं मी तुला छळलं आणि ते जेवत बसले. माझा राग आता कुठे ठेवू ते मला कळत नाही. तुझी माफी मागायला हवी, ती मला अजून लिहिता येत नाही.

शनिवारच्या बोटीने ते येताहेत. मी पाठवत नाही, तेच हटून बसलेत. गुडघे गेलेत त्यांचे, बोटीतून धक्क्यावर चढताना कोणाचा तरी हात लागतो. द्यायचा की नाही, ते तू ठरव.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.
सुन्नेवा