पालाचं तोंड रस्त्याकडे

आप्पा, मी गाडी विकली. तुम्ही पाहिलेली ती जुनी फटफटी नव्हे, ती तर कधीच भंगारात गेली. तुम्ही गेल्यावर मी एक मोठी घेतली होती, काळी, दणकट, सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. तुम्ही असता तर तिच्याकडे बघून कपाळावरची विभूती पुसली जाईल एवढा हात मारून घेतला असता. दर रविवारी सकाळी मी आणि माझ्या वयाचे दोन-तीन खुळे बीडहून निघायचो आणि मांजरसुंब्याचा घाट चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. वळणावर गाडी इतकी आडवी घालायची की पाय ठेवायचा दांडा रस्त्याला घासून ठिणगी उडावी. मग वर येऊन धाब्यावर चहा प्यायचा आणि कोण किती आडवा झाला यावर तासभर भांडायचं. पाटबंधारे खात्यात आठवडाभर फायली इकडच्या तिकडे करणाऱ्या माणसाला आपण जिवंत आहोत हे त्या घाटातच समजायचं. हे तुम्हाला समोर बसून सांगायची माझी हिंमत झाली नसती, म्हणून कागदावर सांगतोय.

वेगाचं हे वेड मला कुठून लागलं ते मला नक्की माहीत आहे. तुमच्या बैलगाडीवरून लागलं. युसूफ वडगावातून निघालो की बाजाराचं गाव यायला अर्धा दिवस जायचा. मी मागे विकायच्या कापडाच्या गठुड्यावर पाय सोडून बसलेलो, आणि तुम्ही दिसेल त्या माणसासाठी कासरा ओढताय. कुणाच्या लेकीचं बाळंतपण कुठवर आलं, कुणाच्या म्हशीनं दूध का चोरलं, कुणाला पोळ्याला नवं धोतर लागणार आहे, सगळ्याची चौकशी. बैल थांबून थांबून कंटाळायचे, मी त्यांच्याहून जास्त. तेव्हाच मनात ठरवलं होतं की मोठं झाल्यावर असं काहीतरी घ्यायचं जे वाटेत थांबणारच नाही.

नोकरी लागल्यावर पहिली फटफटी आणली तेव्हा तुम्हाला मागे बसवून बाजारला नेलं होतं, आठवतंय ना? पुढं टाकीवर गठुडं, मागे तुम्ही, एका हातानं टोपी धरलेली, दुसऱ्या हातानं माझा सदरा. गावाबाहेर पडल्यावर मी गाडीचा कान पिळला आणि पुन्हा सोडलाच नाही. बाजारात पोचलो तेव्हा अजून दुकानांची अर्धी कापडी पालंसुद्धा उभी राहिली नव्हती. मला वाटलं तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही उतरलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, "आलो बिगी, खरं हाय. पन वाटंत कुनीच भेटलं न्हाई." मला इतका राग आला होता की मी चहासुद्धा न पिता परत फिरलो. त्यानंतर तुम्ही पुन्हा माझ्या मागे बसला नाहीत, आणि मीही बसा म्हणालो नाही.

आता गाडी का विकली ते सांगतो. घरी सांगितलं की गुडघा साथ देत नाही. गुडघा दुखतो हे खरंच आहे, पण गुडघ्यासाठी कोणी गाडी विकत नाही. झालं असं की निवृत्त झाल्यानंतरच्या एका रविवारी, नेहमीच्याच वळणावर, बारीक खडी सांडलेली होती. मागचं चाक सरकलं. पडलो नाही, खरचटलंसुद्धा नाही, गाडी आपली आपण सावरली. पण धाब्यापर्यंतचा उरलेला घाट मी बैलगाडीच्या चालीनं चढलो. दोस्त हसले, मीही हसलो. मी घाबरलो होतो, आप्पा. याआधीही चाक सरकलं होतं आणि दरवेळी मी खुशीनं ओरडलो होतो. या वेळी मात्र ती खडी घरी आल्यावरही डोळ्यांसमोरून जाईना. पुढच्या रविवारी गाडी पुसली, सुरू केली, बंद केली आणि आत येऊन पेपर वाचत बसलो.

आणि तिथून खरी भीती सुरू झाली. मी दारातल्या खुर्चीत बसायला लागलो. सकाळी ऊन पायावर येईपर्यंत, दुपारी ऊन सरेपर्यंत. तुमची सून चकलांब्याची, तोंडाला कुलूप तिच्या माहेरी कुणालाच नाही. एक दिवस झाडता झाडता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगदी आप्पांवानी दिसायला लागलाव." तिनं सहज म्हटलं. मला मात्र तुमचा ओटा दिसला. बाजार सोडल्यावर तुम्ही ज्या ओट्यावर बसलात तो. पाल गुंडाळून माळ्यावर टाकलंत आणि मग बसल्या जागी दिवसेंदिवस असे बारीक होत गेलात की पुढच्या दिवाळीला तुमच्या अंगात तुमचीच बंडी मोठी झाली होती. कोणताही रोग सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मला वय होऊन तसं संपायचं नव्हतं. घाटात पडून मेलो असतो तर परवडलं असतं, ते खुर्चीत झिजणं नको होतं.

तुमच्या नातवानं पुण्याहून एक तंबू पाठवला होता, माझ्या निवृत्तीला. गाडी सोडा आणि आता निवांत फिरा, असा त्याचा अर्थ. मी तो उघडलासुद्धा नव्हता. मला तर अपमानच वाटला होता. त्या दिवशी मात्र तो काढला, तुमच्या सुनेच्या स्कूटीवर पुढे पायाशी ठेवला, तवा, पातेलं, छोटा स्टो, डबे एका पोत्यात भरले आणि निघालो. "घरात पलंग हाय, त्यो सोडून दगडावर झोपायला कुटं निगालाव?" असं ती दारातून म्हणत राहिली. स्कूटी चढाला अशी रडत चालली होती की वाटेत एका सायकलवाल्यानं मला मागे टाकलं आणि वळून बघितलं.

डोंगराच्या पोटात एक साठवण तलाव आहे, मांजरसुंब्याच्या पुढे. नोकरीत असताना त्याच्या सांडव्याची मोजणी मी केली होती. दिवाळी होऊन गेलेली, ज्वारी गुडघ्याएवढी, तलाव काठोकाठ. तंबू म्हणाल तर आप्पा, तुम्ही हसला असता. तुमच्या पालासारखे ना बांबू, ना मेखा ठोकायला दगड, ना मांजरपाटाच्या कापडाचा तो ओला वास. लवचीक काड्या घुसवल्या की आपणहून उभा राहतो. मी उभा केला, समोर चादर अंथरली, सामान बाहेर काढलं आणि घाम पुसत मागे सरकून बघितलं. तेव्हा लक्षात आलं की तलाव तंबूच्या पाठीमागे आहे. एवढं पाणी, त्यावर उतरणारे बगळे, पलीकडचा डोंगर, ज्यासाठी आलो ते सगळं पाठीशी, आणि तंबूचं तोंड धुळीच्या पाऊलवाटेकडे. वारा थेट आत शिरून तंबू फुगवत होता. आणि चादरीवर मी काय केलं होतं, तर पुढे चमचे, वाट्या, टॉर्च, मधे डबे, मागे पातेलं आणि तवा. बारीक माल पुढे, मोठा मागे, हाताला लागेल असा. माझ्या हातांनी मला न विचारता दुकान मांडलं होतं.

लहानपणी एकदा बाजारात वावटळ आली होती. भाजीवाल्यांनी आपापली पालं फिरवून वाऱ्याकडे पाठ केली. आपल्या पालात माती घुसून लुगड्यांच्या घड्या पिवळ्या पडत होत्या. मी बांबूला लोंबकळत ओरडलो, "आप्पा, आपुनबी फिरवू की." तुम्ही एका पायानं मेख दाबून धरली होती. म्हणालात, "कावून फिरवायचं बे? वारा काय लुगडं घेतो का?" वावटळ गेल्यावर बाजारात फक्त आपल्या पालाचं तोंड रस्त्याकडे होतं आणि माती झाडायच्या निमित्तानं चार बायका आपल्याकडेच थांबल्या. दिवसाची पहिली विक्री, भवानी, झाली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून मिशीतून हसलात. बाजारात तुम्ही मिरवलेला तेवढा एकच मोठेपणा मी पाहिला.

मी तंबू फिरवायला उठलोच होतो, तेवढ्यात शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागे एक म्हातारी. चादरीसमोर येऊन तिनं काठी टेकवली.

"काय इकायला आनलंय, दादा?"

"काही नाही मावशी. असंच आलोय, राहायला."

"आसंच? घर न्हाई का तुला?"

"आहे की. बीडला."

"मंग बायकूनं भाईर काडलं का काय?" असं म्हणत ती खाली बसली, तवा उचलून बोटानं वाजवला, उलटा करून बघितला. "ह्यो केवड्याला?"

आणि मी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, काय बोललो असेन? "आदी हातात घिऊन बगा. भावाचं मंग बगू." तुमचं वाक्य, तुमच्याच सुरात. म्हातारी लई हुशार. म्हणाली, तवा पातळ आहे, भाकरी करपंल. मी म्हणालो, पातळ आहे म्हणून तर लवकर तापतो. बरीच घासाघीस झाल्यावर मला हसू आवरेना आणि तव्याचा सौदा मोडून मी चहा टाकला. तिचे दोन्ही मुलगे, सुना, सगळे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. "गावात म्हातारी माणसं आन कुलपं ऱ्हायलीत," ती म्हणाली. "बोलायला ह्या शेळ्या. त्याबी आयकत न्हाईत." सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत ती बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पितळेच्या तांब्यात शेळीचं दूध घेऊन आली आणि तवा पुन्हा एकदा उलटापालटा करून नावं ठेवून गेली. स्कूटीवरून परत येताना घाटात माझ्या लक्षात आलं की खडीचं ते वळण मागे गेलं तरी मला भीती आठवलीच नव्हती.

तेव्हापासून मी जातो. महिन्यातून एक-दोनदा, त्याच तलावावर. जुने दोस्त चिडवतात, वाघाची शेळी झाली म्हणतात. एकाला हौसेनं बरोबर नेलं तर त्यानं आल्या आल्या मला शिकवलं की तंबूचं तोंड पाण्याकडे ठेवायचं असतं. मी हो म्हणालो, तसा ठेवला आणि तो गेल्यावर पुन्हा वाटेकडे फिरवला. सगळ्यांना सांगतो की शांततेसाठी जातो. असं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढचं विचारत नाहीत.

तुमचं शेवटचं वर्ष आम्हाला समजलं नाही, आप्पा. ओट्यावर बसून तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागला होतात. "या, बगून तर जा." दुकान बंद, घरात विकायला एक रुमालही नाही, आणि तुम्ही गिऱ्हाईक बोलावताय. लोक ओशाळून हसायचे, काही जण वाट बदलायचे. आई आत डोळ्याला पदर लावायची. आम्हाला वाटलं तुमचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. मी स्वतः केजहून गोळ्या आणून दिल्या होत्या आणि तुम्ही त्या मुकाट्यानं घेतल्या.

परवा गेलो होतो. म्हातारी आली नाही, बहुतेक लेकीकडे गेली असावी. दुपार गेली, ऊन उतरलं, पाऊलवाटेवर चिटपाखरू नाही. तलाव नेहमीसारखाच देखणा होता, पण मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. शेवटी एक माणूस दिसला, डोक्यावर कडब्याची पेंढी, घाईत. तंबूकडे त्यानं एक नजर टाकली आणि पुढे निघाला. पुढे गेलाही. मग वळला, पेंढी उतरवली, चादरीच्या कडेला उकिडवा बसला आणि मुलगी, बैल, पाऊस, आमदार, सगळं सांगून, दोनदा चहा पिऊन गेला. फार बरं वाटलं, आप्पा. घाटात कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. तुमच्या सुनेच्या हाती लागला तर ती मोठ्यानं वाचेल, म्हणून तंबूच्या पिशवीत घालून ठेवतो. तिला मी घरी आल्यावर सांगितलं की एक माणूस आपणहून येऊन बसला. तो आपणहून आला नव्हता. मी हाक मारली होती, "या, बगून तर जा," म्हणून.